बर्फ वाट बघत नाही

आमच्या बेळगावात थंडी पडली की आम्ही बायका काय करतो? गोधड्या उन्हात घालतो, तिळाची चटणी कुटतो आणि 'यंदा गारठा जास्तच हं' असं एकमेकींना सांगतो. थंडी सोसायची, एवढंच आपल्याला माहीत. ती साजरी करणारी माणसं मला भेटली २०१८ साली, मुलाकडे ॲमस्टरडॅमला गेले होते तेव्हा.

फेब्रुवारी संपता संपता तिथं कडाक्याची लाट आली आणि काही दिवसांतच प्रिन्सेनग्राख्त नावाचा कालवा गोठला. आदल्या आठवड्यात जिथून बोटी जाताना पाहिल्या, तिथं माणसं पायांना स्केट्स बांधून घसरत होती! पाणी हललं की बर्फ नीट धरत नाही, म्हणून अशा दिवसांत काही कालव्यांत बोटीच बंद ठेवतात.

शेजारच्या सत्तरीच्या आजी माळ्यावरचे स्केट्स काढून निघालेल्या. लहान पोरं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची पुढं ढकलत शिकत होती. काठावर वाटाण्याचं दाट सूप मिळत होतं, पण त्यात मांस असतं. मी आपलं गरम चॉकलेटवर भागवलं.

"अगं, या बायकांना घरी कामं नाहीत की काय?" मी सुनेला विचारलं.

"आहेत की, आई. पण कामं उद्याही असणार. बर्फ असेलच असं नाही."

खरंच होतं तिचं. त्यांच्या फ्रीसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची बर्फावरची शर्यत असते. १९०९ साली सुरू झाली. १९१२ साली जिक्के गास्त्रा नावाच्या बाईनं ती पुरी केली, बायकांमध्ये पहिली! पण सगळ्या वाटेवर साधारण पंधरा सेंटिमीटर जाड बर्फ लागतो. त्यामुळे इतक्या वर्षांत शर्यत झाली फक्त पंधरा वेळा, शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. हिवाळे ऊबदार होत चाललेत. त्यानंतर जन्मलेली पोरं मोठी झाली, पण त्यांनी ती पाहिलेली नाही. तरी थंडी वाढली की सगळा देश बर्फाची जाडी विचारत बसतो.

एका पोरानं मला आपली खुर्ची दिली. सून एका बाजूनं, मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून. बुटांनीच वीसेक पावलं घसरत गेले असेन. गुडघे लटपटत होते, पण हसू आवरत नव्हतं. पायाखाली अख्खा कालवा, आणि मी त्याच्यावर उभी! तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्फ मऊ पडला, मग तडकला. बोटी पुन्हा सुरू झाल्या.

आमच्या भिशीतल्या अकरा जणींचं गोकाकचा धबधबा भर पावसात बघायचं कधीपासून ठरतंय. घरापासून दोन तासांची वाट. पण कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं पथ्य, कधी पाहुणे. दरवर्षी पूर येतो, ओसरतो आणि आम्ही 'पुढच्या वर्षी' म्हणतो. त्यातल्या दोघींना आता जिना चढवत नाही.

परत आल्यावर पहिल्याच भिशीत मी विषय काढला. "घरचं कोण बघणार?" असं कुणीतरी विचारलंच. मी म्हटलं, "एक दिवस बघतील त्यांचं ते." त्या जुलैत आम्ही नऊ जणी गेलो. जिना न चढवणाऱ्या दोघींसाठी गाडी अगदी जवळ नेली. तांबूस पाण्याचा तो लोट बघताना आमच्यातली सगळ्यात अबोल बाई मोठ्यानं हसायला लागली. आम्ही तिचं तसलं हसू तोवर कधी ऐकलंच नव्हतं.