टाचणीचं व्हाउचर



परवा पाऊस उघडला आणि हौदाशेजारच्या गवतात एक टाचणी येऊन बसली. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण, बसली की पंख मिटून घेणारी. अंग पिवळंधमक, शेपटीचं टोक निळं, लांबी जेमतेम इंचभर. बी.एस्सी.ला असलेली माझी नात धावत आली आणि काचेची बरणी मागू लागली. मी म्हटलं, बरणी मिळणार नाही, चार इंद्रियांचा जीव आहे तो.

"अगं आजी, मी कुठे मारतेय? पण कुणीच कधी नमुना ठेवला नसता ना, तर हिला आजही चुकीच्याच नावाने हाक मारली असती."

मग तिने सांगितलं ते असं. आपल्या विदर्भातल्या जुन्या याद्यांत हिचं नाव 'इश्नुरा ऑरोरा'. ते नाव ब्राउअर यांनी १८६५ मध्ये पार ताहिती बेटावरच्या टाचणीला दिलेलं. बेल्जियमच्या सेलिस यांनी १८७६ मध्ये भारतातल्या टाचणीचं वर्णन केलं, नाव 'रुबिलिओ'. पुढच्या तज्ज्ञांना दोघी सारख्याच वाटल्या आणि रुबिलिओ झाली ऑरोराची नुसती उपजात. मी बी.कॉम., मला लगेच कळलं: खातं बंद करून शिल्लक दुसऱ्या खात्यात वर्ग केली! २००७ मध्ये युरोपातल्या अभ्यासकांनी दोघींची तुलना करून त्या वेगळ्या जाती असल्याचं दाखवलं, आणि आपल्या टाचणीला तिचं खातं परत मिळालं.

अशा तुलनेत रंगावर फारसं विसंबत नाहीत. नराच्या शेपटीच्या टोकाला बारीक चिमटे असतात, त्यांचा आकार भिंगाखाली बघतात. त्यासाठी ज्याच्यावरून नाव ठेवलं तो मूळ नमुना लागतो. सेलिस यांचा संग्रह ब्रसेल्सच्या संग्रहालयात अजून आहे. (२००८ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात या किड्यांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती म्हणे. वर्ध्याहून दीड तासावर, आणि आपल्याला पत्ता नाही.)

जपून ठेवलेल्या नमुन्याला ते लोक 'व्हाउचर' म्हणतात, हे ऐकून मी गप्पच झाले. व्हाउचरशिवाय नोंद खरी धरायची नाही, हे मी दुकानाच्या वह्या लिहिताना सगळ्यांना बजावत आले. पण आमचं व्हाउचर कागदाचं. यांचं व्हाउचर म्हणजे टाचून ठेवलेला जीव.

"एका टाचणीसाठी एवढं बोलतेस," नात म्हणाली, "आणि गेल्या पावसाळ्यात डासांचं औषध टाकणाऱ्याला हौद कुणी दाखवला? टाचणीची पिल्लं पाण्यातच वाढतात. डासांच्या अळ्या खातात ती."

मी टाकलं नव्हतं, टाकू दिलं होतं. दोन्हींत फरक आहे असं वर्षभर मनाला समजावत होते. पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडणारी मी, पण हौदात काय वाढतंय ते कधी वाकून पाहिलं नव्हतं.

शेवटी बरणी दिली नाहीच. तिने मोबाइलवर फोटो काढले, वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचे बरेच. काही जाती फोटोवरून ओळखता येतात, काहींत अंगच हातात घेऊन बघावं लागतं, हे तिनेच प्रामाणिकपणे सांगितलं. अशा वेळी काय करायचं, यावर आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते एक नमुना शंभर वर्षं कामाला येतो. मला ते नाकारता येत नाही, आणि मानवतही नाही.

रात्री तिने वहीत नोंद केली: तारीख, जागा हौदाजवळचं गवत, नर एक, इश्नुरा रुबिलिओ. 'नमुना' असा एक रकाना होता. त्यात तिने 'नाही' लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली, तपासायला.