हात लावण्याआधी

लहान मुलाची तपासणी स्टेथोस्कोप कानाला लावण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, शाळेतली एकदा. माझं काम गगनबावडा तालुक्यात; तिथला पाऊस आणि चढ सवयीचे होतात. अवघड असतो तो मुलांचा अनुभव. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली, दलित वस्तीतली, गाळपाच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतली अनेक मुलं परका हात दोनच तऱ्हांनी ओळखतात. तो एकतर लांब राहतो, नाहीतर दामटून धरतो.

खोपीतली पोर आईच्या पदराआड लपली, की शेजारचं कुणीतरी म्हणतं, "रडलीस तर डाक्टर सुई टोचतील." हे मी तिथल्या तिथं थांबवते. मग जमिनीवर बसते. नळी आधी आईला लावते, मग पोरीच्या हातात देते. ती आईच्या मांडीवर शांत असेपर्यंत श्वास आणि ठोके मोजून घ्यायचे. कान-घसा अगदी शेवटी. दंडाचा घेर मोजायची पट्टी मी आईकडूनच लावून घेते. पट्टी लाल रंगावर आली, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, की आईचा चेहरा उतरतो. "लई वाळलंय का ओ लेकरू?" अशा वेळी "खायला घालत नाहीस का?" हा प्रश्न क्रूर आहे. ती अंधारात फडात गेलेली असते. मी विचारते, "तू तोडीला गेल्यावर हिच्याजवळ कोण असतं?" उत्तर बहुतेकदा एकच असतं: थोरली बहीण, जी स्वतः शाळेत असायला हवी.

टोळीत पारधी कुटुंबं असली, तर खाकी कपडा दिसताच मुलं पांगतात. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 मध्ये रद्द झाला, संशय मात्र उरला. अशा मुलाच्या कागदावर 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारणं मला चुकीचं वाटतं. मी 'घाबरलेला आहे' असं लिहिते, कारण पुढच्या डॉक्टरला तेच उपयोगी पडतं.

ही भीती शरीरात मुरते. सततच्या धास्तीनं झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. बालपणीच्या आघातांचा मोठेपणीच्या हृदयविकाराशीही संबंध असतो, हे फेलिटी आणि आंडा या संशोधकांनी 1998 मध्ये अमेरिकेत दाखवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये वंशभेदाचा मुलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम अधिकृतपणे मांडला. आपल्याकडे त्या जागी जात आहे. संशोधक संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानातल्या दलित मुलांशी बोलून 2010 मध्ये लिहिलेला अभ्यास मला फार जवळचा वाटतो. औषध देणारा माणूस स्पर्श टाळतो, हे त्या मुलांनी सांगितलं होतं. मुलाला ते न सांगताच कळतं.

आणि स्पर्शाशिवाय आमचं कामच होत नाही. पाठ्यपुस्तकांतले बरेचसे फोटो गोऱ्या कातडीचे. सावळ्या मुलाचा पंडुरोग गालावर दिसत नाही. पापणी खाली ओढून, जीभ पाहून, तळहात आपल्या हातात घेऊन बघावा लागतो. जो हात धरायला कचरतो, त्याच्या नजरेतून आजारच सुटतो.

मी काम करते तो बावडा म्हणजे कोल्हापूर संस्थानातली जहागीर होती. त्याच संस्थानातल्या सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना समानतेनं वागवावं, असा हुकूम शाहू महाराजांनी 1919 मध्ये काढला होता. एवढ्या वर्षांनी नव्या हुकमाची वाट कशाला पाहायची? दवाखान्यात, अंगणवाडीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: गोळ्यांची पुडी टेबलावरून सरकवू नका, मुलाच्या तळहातावर ठेवा. आणि घरच्यांनो, सुईची धमकी देणं आजपासून बंद करा.