पडवीतली येझदी

वाचकहो, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना मी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आलो आहे : हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांची अनुमती मिळताच रुग्णाला बसवा, उभे करा, चालवा. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत मात्र हा सल्ला मी पाळला नाही. ती चूक प्रेमापोटी झाली, आणि अशी चूक आपल्याही घरी होऊ शकते, म्हणून हे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अण्णा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्याच दिवशी ते वॉकर धरून चार पावले चाललेही. परंतु घरी आल्यावर ‘पुन्हा पडले तर?’ या भीतीने आम्हा सर्वांना ग्रासले. जेवणाचे ताट पलंगावर, पाणी हातात, कमोडची खुर्ची पलंगाशेजारी. तीन महिन्यांत त्यांच्या मांड्या काठीसारख्या झाल्या. मी चालण्याचा आग्रह धरला की म्हणत, “कुठे जायचंय आता मला?”

निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस घटल्याचे आढळले होते. हे मला ठाऊक होते, तरीही मी घरात डॉक्टर न राहता घाबरलेला मुलगा झालो होतो.

आमच्या पडवीत ताडपत्रीखाली अण्णांची येझदी उभी होती. म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली ही २५० सी.सी.ची मोटारसायकल त्यांनी १९७४ साली घेतली. तिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेलो आहे. दृष्टी मंदावल्यावर त्यांनी ती स्वतःहून उभी केली, त्याला चौदा वर्षे झाली होती. वॉकरला वाट मोकळी असावी म्हणून मी ती भंगारवाल्याला द्यायचे ठरवले. त्याने ताडपत्री ओढली आणि सहज किक मारण्यासाठी पाय उचलला. तोच खिडकीतून आवाज आला, “थांबा! आधी प्लग काढा!” पाठोपाठ वॉकरची टकटक ऐकू आली. तीन महिन्यांत प्रथमच अण्णा उंबऱ्याशी उभे होते.

भंगारवाला रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा पडवीत खुर्चीवर आणि मी त्यांच्या हाताखाली, अशी व्यवस्था झाली. दीर्घकाळ उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. बळाने किक मारली तर त्या तुटतात. म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढून त्या भोकातून तेलाचे थेंब सोडायचे आणि थांबायचे. दोन दिवसांनी गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने अगदी हळू पुढे-मागे करायचे. पिस्टन जरासा हलला, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, म्हणाले, “आज एवढंच पुरे.”

टाकीतले पेट्रोल आटून त्याचा राळेसारखा चिकट थर उरला होता. कार्बोरेटरच्या जेटची बारीक छिद्रे त्याच थराने बुजली होती. रबरी नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या, पॉइंटवर गंज चढला होता. रोज एक काम, फार तर दोन. जेट साफ करण्यासाठी तारेऐवजी नायलॉनचा दोरा वापरायचा, हे त्यांनी मला तीनदा बजावले. छिद्र तारेने मोठे होते.

आपल्यापैकी कोणाकडे अशी गाडी असेल, तर थोडी सावधगिरी बाळगावी. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पेट्रोल हाताळताना जवळ विस्तव नसावा, हातात मोजे असावेत. बंदिस्त जागेत इंजिन कधीही सुरू करू नये, कारण त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. दमेकऱ्यांनी धुरापासून दूरच बसावे.

सहाव्या आठवड्यात गाडी अंगणात काढली. जुन्या येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून कसा फिरवायचा, हे अण्णांनी एका हाताने वॉकर धरून उभ्याने दाखवले. अनेक किका वाया गेल्या. मग निळसर धूर निघाला आणि तो ओळखीचा आवाज घुमला. ते आता गाडी चालवण्याचा हट्ट धरतील, ही धास्ती माझ्या मनात होती. त्यांना ती कळली असावी. म्हणाले, “चालवायची नाही रे मला. बंद पडलेली बघवत नव्हती, एवढंच.”

यंत्राची झिजलेली रिंग बदलता येते. अण्णांचे ते तीन महिने मला परत आणता आले नाहीत. ते आजही काठीवाचून चालत नाहीत. परंतु पलंगापासून पडवीपर्यंत आता कोणाच्याही हाताविना येतात.

म्हणून आपणास विनंती आहे. घरातील वृद्धांना उठवताना आधी मिनिट-दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसू द्या. चक्कर आली तर पुन्हा बसवा. न्हाणीघरात धरायला दांडा लावा. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या डॉक्टरांना विचारून ते सुरू करा. आणि व्यायामाबरोबर त्यांना एखादे असे काम द्या, जे त्यांना येते आणि आपल्याला येत नाही. शिवणयंत्र असेल, लोणच्याची बरणी असेल, बागेतली कलमे असतील. “चाला” म्हणून जे पाऊल उचलले जात नाही, ते अशा कामासाठी उचलले जाते.

दर रविवारी सकाळी आम्ही येझदी दहा मिनिटे सुरू ठेवतो. त्या दिवशी अण्णा माझ्याआधी पडवीत येऊन बसलेले असतात.