जिवाणूचा नेम नत्रावर

तंबाखूच्या पानावर वाइल्डफायर नावाचा रोग येतो. तपकिरी ठिपक्याभोवती पिवळंजर्द कडं उमटतं, कडी एकमेकांत मिसळतात आणि पान वाळून जातं. स्यूडोमोनस सिरिंजी या जिवाणूचा एक प्रकार हे घडवतो. ते कडं पिवळंच का, एवढंच बघायला मी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलं, आणि जे सापडलं ते आता भेटेल त्याला सांगत सुटले आहे!

हा जिवाणू टॅबटॉक्सिन नावाचं विष बनवतो. पानात त्या विषाचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक तुकडा एका ठरावीक एन्झाइमवर जाऊन बसतो, तो पुन्हा उठतच नाही. पेशीत एन्झाइमं काय थोडी असतात? हजारो! त्यातून जिवाणूने हेरलं ते ग्लुटामिन सिंथेटेज, नत्र पचवणारं.

नत्र म्हणजे युरियाची गोणी आणि पिकाची हिरवीगार वाढ, इथवरच माझी धाव होती. पण मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचं आधी नायट्राइट होतं, मग अमोनिया, आणि अमोनिया साचू दिला तर पेशीची खैर नाही. ग्लुटामिन सिंथेटेज तो उचलून ग्लुटामेटला जोडतं आणि ग्लुटामिन बनवतं. तिथून पुढचं काम गोगॅट नावाच्या एन्झाइमचं. वनस्पतींमध्ये ते असल्याचं ली आणि मिफ्लिन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. तोवर अमोनिया पचवण्याचं श्रेय दुसऱ्याच एन्झाइमला मिळत होतं. आणि खरी मेख तर पुढेच आहे. भर उन्हात पान स्वतःच अमोनिया तयार करतं, प्रकाशश्वसनात, मुळांकडून येणाऱ्या नत्राच्या कित्येक पट! म्हणजे जिवाणूने बाहेरून काही ओतायचीही गरज नाही. एक एन्झाइम अडवलं की पान आपल्याच अमोनियात गुदमरतं. विष दिलेल्या पानाभोवती कार्बन डायऑक्साइड वाढवून प्रकाशश्वसन दाबलं, तर पान पिवळं पडत नाही. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच.

मग पुढचा प्रश्न आपसूक आला: रोगाशी झुंजताना या एन्झाइमांचं काय काम असतं? इथे भेटतं पाल, म्हणजे फेनिलअलॅनिन अमोनिया लायेज. रोगजंतूची चाहूल लागली की पेशीत पाल झपाट्याने वाढतं. ते फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लातला अमोनिया काढून टाकतं आणि उरलेल्या सांगाड्यापासून पेशीभित्तिका टणक करणारं लिग्निन बनतं, जंतूंना मारक अशी रसायनंही बनतात. पण दर रेणूमागे एक अमोनिया सुटतो, त्याचं काय? तो उचलायला पुन्हा तेच ग्लुटामिन सिंथेटेज! लिग्निन बनवणाऱ्या पाइनच्या पेशींवर १९९६ मध्ये झालेल्या प्रयोगांत हा फेरा उलगडला. अमोनिया परत ग्लुटामिनमध्ये जातो, तिथून फिरून नव्या फेनिलअलॅनिनमध्ये. रहाटाला बांधलेल्या पोहऱ्यांसारखा नत्र वर येतो, कार्बन ओतून देतो आणि पुन्हा खाली जातो. केवढी काटकसर! संपूर्ण वाचनात मला सर्वांत सुंदर वाटलं ते हेच.

नायट्रेटचं नायट्राइट करणाऱ्या एन्झाइमची, म्हणजे नायट्रेट रिडक्टेजची कहाणी तर आणखी वेगळी. नायट्रिक ऑक्साइड हा वायू वनस्पतींच्या रोगप्रतिकारात इशाऱ्याचं काम करतो, हे १९९८ मध्ये सोयाबीनच्या पेशी आणि अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडावरच्या प्रयोगांतून पुढे आलं. नायट्रेट रिडक्टेज जवळजवळ नसलेली अरॅबिडॉप्सिसची झाडं ब्राझीलच्या संशोधकांनी तपासली. जिवाणू आला तरी त्यांच्यात तो वायू पुरेसा बनेना आणि झाडं रोगाला बळी पडत. आता कुणीही म्हणेल, नत्रच नीट पचत नाही, तर उपाशी झाड दुबळं पडणारच! म्हणून त्यांनी २००९ मध्ये झाडांची अमिनो आम्लं भरून काढून पाहिली. तरीही रोग हटला नाही. म्हणजे उणीव अन्नाची नव्हती! प्रयोग रचावा तर असा.

पुढे २०१३ मध्ये तंबाखूवरच दिसलं की नायट्रेटवर वाढलेली झाडं जिवाणूला जोरकस प्रतिकार करतात आणि अमोनियमवर वाढलेली कमी पडतात. भातावर युरियाचा मारा झाला की करपा बळावतो, हे कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण नत्र किती दिलं याच्या जोडीला ते कोणत्या रूपात दिलं हाही प्रश्न असतो, हे माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

आणि तो जिवाणू? ग्लुटामिन सिंथेटेज तर त्यालाही लागतं, मग तो आपल्याच विषाने मरत कसा नाही? त्याच्याकडे ते विष निकामी करणारं एक एन्झाइम आहे. जपानी शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये त्याचा जनुक तंबाखूत घातला आणि ती झाडं वाइल्डफायरला दाद देईनात. जिवाणूचा उतारा झाडाच्या हाती! या जिवाणूचा घेवड्यावरचा भाऊबंद दुसरं एक विष वापरतो, आर्जिनिन बनवणारं एन्झाइम अडवणारं. त्या विषाला न जुमानणारं एन्झाइम तो स्वतःसाठी राखून असतो. १९९२ मध्ये मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा जनुकही तंबाखूत घालून दाखवला. तिथेही नेम नत्रावर, आणि तिथेही झाड तरलं!