टपावरून परतताना

आमचा मुलगा यंदा अकरावीला गेला. परवा त्याच्या मोबाईलवर आम्ही एक व्हिडिओ पाहिला. धावत्या लोकलच्या दारात लोंबकळणारा मुलगा आणि मागून त्याला चेव आणणारे मित्र. आम्ही रागावलो खरे. पण त्या ओरडण्यात आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला.

१९९८ साली आम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हार्बर लाईनने जाणाऱ्या आमच्या टोळक्यात एक प्रथा होती. शेवटचा पेपर संपला की घरी यायचे ते गाडीच्या टपावरून! कोणी सुरू केली ठाऊक नाही. सीनियर मुले करीत, म्हणून आम्ही करीत होतो. त्या दिवशी आमचा एक मित्र खालीच उभा राहिला. वडील गोदीत हमाल, घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. आम्ही वरून हात पुढे केला. म्हणालो, "घाबरलास काय रे? बांगड्या भर!" तो चढला.

दोन स्टेशने गेली. आनंदाच्या भरात त्याने हात वर केला. त्या वेळी हार्बरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. (२०१६ पासून तिथे २५,००० व्होल्ट एसी आहे. आता तारेला हात लागायचीही गरज नाही, नुसते जवळ गेले तरी वीज माणसाला ओढते.) मोठा जाळ झाला आणि तो खाली कोसळला.

जीव वाचला. उजवा हात कोपराच्या वरून कापावा लागला.

टपावर चढणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्हाला त्यातले काहीच झाले नाही. पोलिसांना आम्ही सगळ्यांनी एकच सांगितले, "तो आपणहून चढला." त्याच्या वडिलांनाही तेच. त्या माणसाने आम्हाला हात जोडले. "पोरांनो, तुम्ही दवाखान्यात आणलंत, लई उपकार झाले." ते आता हयात नाहीत.

मित्र पुन्हा परीक्षेला बसला नाही. त्याला टेलिफोन बूथ मिळाला. मोबाईल आले आणि बूथही गेला. आम्ही कारकून झालो. रविवारी विहारात मुलांना शिक्षणावर भाषणे देतो, पण हे कधी सांगितले नाही.

परवा जेवताना मुलाला सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पप्पा, त्यांना वर ओढलं कोणी?"

आम्ही म्हणालो, "मी."

त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले. तिलाही ते आजच कळत होते.