टेकडीवरील अर्धा तास

आम्ही धारच्या न्यायालयात वकिली करतो. पण नवरात्र आले की इंदूरमार्गे देवासला जाऊन टेकडीवरील तुळजाभवानी व चामुंडा या दोघी मातांचे दर्शन घ्यावे, असा आमच्या घराचा परिपाठ आहे. मागे एका अष्टमीला त्या गर्दीत आमची सहा वर्षांची कन्या दिसेनाशी झाली. एका शिपायाने तिला खांद्यावर बसवून आणून दिले, तोवर अर्धा तास लोटला होता. त्या अर्ध्या तासात चेहरे ओळखणारे यंत्र लावू का, असे कोणी विचारते, तर आम्ही एकही कलम न पाहता होकार दिला असता.

घरी परतल्यावर आमच्यातला वकील जागा झाला. एक मूल शोधण्यासाठी ते यंत्र पायऱ्यांवरील प्रत्येक भाविकाचा चेहरा मोजणार. ती मापे पुढे कोणाकडे राहणार, आणि किती दिवस?

या प्रश्नाची वाट आमच्याच प्रांतातील एका खटल्याने दाखविली आहे. मध्य प्रदेश पोलीस नियमावलीतील ८५५ व ८५६ या नियमांनी संशयितांवर पाळत ठेवता येत असे, रात्री त्यांच्या घरीही जाता येत असे. १९७५ साली गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम रद्द केले नाहीत. मात्र सार्वजनिक शांततेला वा सुरक्षिततेला ज्यांच्यापासून धोका आहे, अशांपुरतेच ते आखडून घेतले. पुढे २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरविला. त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा.

चेहरे ओळखणाऱ्या यंत्रापुरता असा स्वतंत्र कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. २०२२ चा ओळखविषयक कायदा मुख्यत्वे अटक वा शिक्षा झालेल्यांची मापे घेण्याविषयी आहे; त्या नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा तो देतो. वाटेने जाणाऱ्या यात्रेकरूविषयी तो काही सांगत नाही. त्यातच यंत्र चुकते. दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तराप्रमाणे ८० टक्क्यांहून अधिक साम्य ते ओळख पटल्यासारखे धरतात. उरलेल्या टक्क्यांत एखादा निरपराध सापडला, तर त्याने कोठे दाद मागावी? इंग्लंडात २०२० साली अपील न्यायालयाने वेल्समधील पोलिसांचा असा वापर बेकायदा ठरविला. कोणाला शोधायचे व यंत्र कोठे लावायचे, हे फार मोठ्या प्रमाणात पोलिसांच्याच मर्जीवर सोडले होते, हे त्याचे एक कारण होते.

यंत्र नकोच, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. तो अर्धा तास आम्ही विसरलेलो नाही. पण त्या शिपायाने आमच्या मुलीचे नाव विचारले, तिला आमच्या हाती दिले आणि तो पुन्हा गर्दीत गेला. कोठे काही टिपून ठेवले नाही. यंत्रानेही तसेच वागावे, ही सक्ती कायद्यालाच करावी लागेल.