मंगळवारच्या टाळ्या

12 मे 2020 हा दिवस मंगळवार होता. त्या दिवसाची मी लिहिलेली रोजनिशी ब्रिटनमधल्या एका संग्रहात जमा आहे. तिच्यात रात्री आठ वाजता आमच्या गल्लीतले शेजारी दारात उभे राहून डॉक्टर-नर्ससाठी टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात असं काही झालं नाही. त्या दिवसांत टाळ्या वाजायच्या त्या गुरुवारी. मी एका गुरुवारची आठवण उचलली आणि मंगळवारात घातली. दिवस फारच रिकामा वाटत होता, आणि शंभर वर्षांनी वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी मोठं लागावं असं मला वाटलं.

हा संग्रह ‘मास ऑब्झर्वेशन’चा. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी 1937 साली हे काम सुरू केलं. त्या वर्षी 12 मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. मिरवणुकीचं वर्णन वर्तमानपत्रं करणारच होती. यांनी साध्या माणसांना विचारलं ते एवढंच, की त्या दिवशी तुम्ही काय केलंत, काय ऐकलंत, काय बोललात. कागदपत्रं आज ससेक्स विद्यापीठाकडे, ब्रायटनजवळच्या ‘द कीप’ या इमारतीत आहेत. 2010 पासून दर 12 मेला कुणीही आपला दिवस लिहून पाठवावा असं आवाहन केलं जातं. टाळेबंदीच्या वर्षी हजारो लोकांनी लिहिलं, त्यात रेडिंगला राहणारा मी एक.

अपेक्षा साधी होती. उठल्यापासून झोपेपर्यंत जे घडलं ते लिहायचं. मी मात्र दिवसभर काहीच टिपलं नाही आणि रात्री एका बैठकीत सगळं आठवून लिहिलं. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसा मी तो दिवस आवरला. तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी त्या दिवशी फर्लोची, म्हणजे काम थांबलेल्यांना सरकारी मदतीतून पगार देण्याची, योजना ऑक्टोबरपर्यंत वाढवली, त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. ते संसदेच्या कामकाजात शब्दशः आहे, माझ्याकडून कुणाला नको होतं. ‘आम्ही स्वयंपाक केला’ असं लिहिलं. स्वयंपाक बायकोनं केला. मी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. चपातीचं पीठ दुकानातून मिळेनासं झालं होतं, होतं ते पुरवून पुरवून ती वापरत होती आणि त्यावरून आमचा दुपारी खटका उडाला होता. यातलं एक अक्षरही मी लिहिलं नाही. घरातलं भांडण परक्या देशाच्या दप्तरात कशाला, असा विचार केला. खरं तर नावं लिहायची नसतात, त्यामुळे कुणाची अब्रू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

एवढं झालं तरी नुकसान माझ्यापुरतं राहिलं असतं. पण मी आईलाही तिचा त्याच तारखेचा दिवस लिहायला सांगितलं होतं.

आई वाईला. आमच्या घरचा हिशेब वर्षानुवर्षं कालनिर्णयाच्या चौकटीत राहिला. दूध जास्त घेतलं तर आकडा, सिलिंडर लावला ती तारीख, कामवाल्या मावशींचा खाडा. वर्ष संपलं की ते पान रद्दीत. तिला लिहायचं काय हे समजावून सांगावं लागलं नाही. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला तिनं दिवसभर येता-जाता लिहिलं आणि रात्री फोटो पाठवला. मी तो वाचला आणि मला वाटलं, हे असं कसं ठेवायचं? नळाला पाणी किती वाजता आलं, धार कशी होती, भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी किती वेळ थांबू शकला, कोथिंबिरीची जुडी कितीला दिली. मधेच गच्चीवरच्या पापड्या. दर उन्हाळ्यात वाळवणाला शेजारणी एकमेकींकडे जातात. त्या वर्षी प्रत्येकीनं आपापल्या गच्चीवर एकटीनं घातल्या आणि कठड्यावरून बोलत राहिल्या, काय बोलल्या तेही आईनं लिहिलं होतं. मी टाईप करताना हे सगळं कापलं.

त्या रात्री आठला भारताच्या पंतप्रधानांचं भाषण होतं, 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आईनं लिहिलं होतं की भाषण ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली. मी भाषण ठेवलं, भाकरी काढली.

मग मी तिला म्हणालो, ‘टाईप झालंय, आता तो कागद ठेवायची गरज नाही.’ तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पत्रिका रद्दीत गेली. पुढे माझ्या फोनमध्ये जागा उरली नाही तेव्हा जुने फोटो पुसले, त्यात तोही गेला.

मी हे अडाणीपणानं केलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. बॅरो-इन-फर्नेसच्या नेला लास्ट या गृहिणीची युद्धकाळातली रोजनिशी मी आधीच वाचली होती. शिवणकाम, रेशन, नवऱ्याशी न जमणं हे सगळं तिनं 1939 पासून याच संग्रहासाठी लिहिलं. तिचं मोल मला कळत होतं. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दीमुळे त्या काळचे भाव आणि पगार कळतात, हेही ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या घरातली कोथिंबीर मला इतिहास वाटत होती, आईच्या घरातली वाटली नाही.

गेल्या वर्षी पुतणीला शाळेच्या प्रकल्पासाठी टाळेबंदीतलं रोजचं जगणं हवं होतं. मी आईचं पान मोठ्या हौसेनं पाठवलं. तिनं विचारलं, ‘काका, हे पेपरमधलं आहे का?’ आईला फोन केला, पुन्हा लिहून दे म्हणालो. ती म्हणाली, ‘अरे, आता मला तीन उन्हाळ्यांच्या पापड्या एकत्र आठवतात. त्यातल्या त्या दिवशीच्या कुठल्या, ते कसं सांगू?’ तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

आईच्या टाईप केलेल्या पानाला मी आता एक पुरवणी जोडली आहे. मूळ मजकूर कुणी, कधी आणि का कापला हे तिच्यात आहे. कापलेल्यातलं मला जे आठवतं ते वेगळं लिहिलं आहे आणि प्रत्येक ओळीपुढे ‘आठवणीतून’ असं नोंदवलं आहे. पाण्याची वेळ आणि जुडीचा भाव या दोन जागा कोऱ्या आहेत. संग्रहालाही पत्र लिहिलं: माझ्या रोजनिशीतल्या टाळ्या त्या दिवशीच्या नाहीत, स्वयंपाक मी केलेला नाही, आणि दुपारी घरात पिठावरून भांडण झालं होतं. पत्र पाठवण्याआधी बायकोला वाचायला दिलं. तिनं भांडणाच्या वाक्यात तिची बाजू घातली. ती मी तशीच ठेवली.